कपाशीचे बी गेले. आता वांग्या-मिरचीचेही घालवायचे?



मृगाच्या तोंडावर आपण सरकीच्या पाकिटासाठी दुकानापुढे उभे राहतो. १९७० साली सुरतहून एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ साली बीटी आला. तंत्रज्ञान नाकारा म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण संकराचे बी राखून भागत नाही. दर साल पाकीट आले, पाकिटामागे उधारी आली. शेतातला हा सौदा आपण पिकाच्या आशेने केला. परसातल्या वांग्या-मिरचीचा सौदा कोणी केला?

आज आठवडी बाजारात ट्रेमधली रोपे मिळतात. ‘घरच्या बियात राम नाही, रोप आणा आणि मोकळे व्हा’ असे साहेबही सांगतात. एका गावात परसबागेच्या योजनेतून फुकट रोपे वाटली गेली. महिना मे, गावाला टँकरचे पाणी. बायकांनी प्यायच्या हंड्यातले पाणी घातले, तरी आठ दिवसांत रोपे वाळली. कागदावर परसबाग फुलली. वाटणाऱ्यांना एवढे कळले नाही, की कोरडवाहू गावात बी गाडग्यात पावसाची वाट पाहते. रोप वाट पाहत नाही.

मग रोप लावायचेच नाही का? तसे नाही. हिशेब पिकाचा आहे.

भेंडी, गवार, चवळी, वाल, अंबाडी, मेथी, दोडका, कारले, भोपळा यांचे रोप विकत घेणे म्हणजे पैसे उकिरड्यावर टाकणे. यांचे बी जोमदार, मूळ सरळ खाली जाणारे. जागेवर टोकलेले बी आपली ओल आपण शोधते. उपटून लावलेल्या वेलाचे मूळ दुखावते आणि तो मागे पडतो.

मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा यांचे बी बारीक, सुरुवातीची वाढ मंद. उघड्यावर फेकले तर पावसाच्या माऱ्याने वाहते, तणात दबते. यांचे रोपच हवे. पण रोप हवे म्हणजे विकतचे हवे, हे कोणी ठरवले? परसात हात-दीड हात रुंदीचा, वीतभर उंचीचा गादीवाफा करा. जागा नसेल तर फुटके घमेले घ्या. बी ओळीत टाका, दाट नको. दाट वाफ्यात रोपे कोलमडतात. वर जुने पातळ लुगडे ताणा, म्हणजे चुरडा-मुरडा पसरवणारी पांढरी माशी दूर राहील. रोहिणीत टाकलेली मिरची ४० ते ४५ दिवसांत, जुलैत पाऊस बसल्यावर लावणीला येते. तोवर वाफ्याला रोज तांब्या-दोन तांबे पाणी पुरते.

बी मेले, वेळ टळली, तर विकतचे रोप जरूर आणा. त्यात लाज नाही. पण आणताना वाण विचारा. संकर असेल तर त्याच्या बियातून पुढच्या साली सरमिसळ झाडे निघतील. परभणी क्रांती भेंडी, पुसा ज्वाला मिरची हे सुधारित वाण आहेत, संकर नाहीत. त्यांची चांगली, निरोगी झाडे खूण करून राखा, संकराच्या झाडांपासून लांब ठेवा. फळ झाडावर पिकू द्या, बी सावलीत वाळवा, राखेत घालून गाडग्यात ठेवा. पेरणीआधी १० बिया ओल्या फडक्यात बांधून पाहा. ७ उगवल्या तर बी चांगले; ५ उगवल्या तर दाट टाका; त्याहून कमी तर शेजारणीकडून मागून घ्या.

मागायला कोणाची परवानगी लागत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती घरात राखलेल्या बियांसाठी. हे बी आपल्या आयाबायांनीही राखले. त्याची ना कोणी किंमत केली, ना मजुरी धरली. म्हणून तर ते इतक्या सहज हातचे जाते आहे.

कपाशीच्या भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. पण घरची भाजीसुद्धा रोख पैशाने सुरू होऊ लागली, तर भाव पडलेल्या साली ताटात काय पडेल?

जिल्हा मेळाव्याला येताना पदराच्या गाठीला मूठभर बी बांधून आणा. नसेल त्यांनी रिकामी पुडी आणा. भाषणे नंतर होतील. आधी बियांची देवघेव होऊ द्या.