नारपोलीतील रात्रीचा धूर बंद करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी साहेब,
संबंधित विभाग, भिवंडी, जि. ठाणे.

विषय : सायझिंगच्या भट्ट्यांत रात्री चिंध्या व प्लास्टिक जाळल्यामुळे मज्जारज्जूला इजा झालेल्या रहिवाशांना होणाऱ्या श्वसनाच्या त्रासाबाबत.

संदर्भ : यापूर्वीचे आमचे सर्व अर्ज. त्यांची पोच आमच्याकडे आहे, उत्तर अद्याप आपल्याकडेच आहे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नारपोलीचे रहिवासी. आमच्यापैकी कोणाच्या अंगावर गोदामात मालाची थप्पी आली, कोणी परांचीवरून पडले, कोणी अंजूरफाट्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून फेकले गेले. मणक्याला मार बसला तेव्हापासून काही जण चाकाच्या खुर्चीत आहेत, काही अंथरुणावर. उरलेल्या सह्या त्यांच्या आयांच्या, बायकांच्या, भावांच्या आहेत.

कायदे, नियम, कलमे या निवेदनात लिहिलेली नाहीत. ती आपल्याला पाठ आहेत. त्यांची परिपत्रके आपल्या टेबलाच्या काचेखाली आम्ही पाहिली आहेत.

आमचा मुख्य त्रास एकच आहे आणि तो रात्री साडेअकरा-बाराच्या पुढे सुरू होतो. दिवसा भट्टीत लाकूड असते, धूर पांढरट असतो, तपासणीला कोणी आले तर दाखवायला बरा असतो. वस्ती झोपली की भट्टीचे दार उघडते आणि चिंध्यांचे गठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या, कोनचे तुकडे, भंगारातले रबर असे हाताला लागेल ते आत जाते. मग धूर काळा होतो, त्याला जळक्या बांगडीसारखा वास येतो आणि पहाटेपर्यंत तो गल्ल्यांतून हलत नाही. सकाळी ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि खुर्च्यांच्या चाकांवर काजळी बसलेली असते.

हे निवेदन लिहिणारा पूर्वी सायझिंगमध्येच कामाला होता, त्यामुळे ऐकीव काही लिहीत नाही. ताण्याच्या सुताला खळ लावायची, ते वाफेने तापलेल्या सिलिंडरवर सुकवायचे आणि बीम भरून लूमवाल्याला द्यायचा, हे सायझिंगचे काम. खळ शिजवायला वाफ लागते, सूत सुकवायलाही वाफच लागते. म्हणजे बॉयलर थंड पडला की कारखाना थांबला. वाफेसाठी काय जाळायचे हा शेवटी पैशांचा हिशेब असतो. लाकूड महाग, कोळसा महाग, चिंध्या मातीमोल. पूर्वीच्या चिंध्या सुती असत. आता बाजारात पॉलिस्टर आहे, म्हणजे चिंधी जाळणे हे जवळजवळ प्लास्टिक जाळणेच झाले. त्यात हे कारखाने उभे राहिले तेव्हा आजूबाजूला पत्र्याच्या चाळी होत्या आणि चिमणी सगळ्यांत उंच होती. आज शेजारी चार-चार मजले चढले आहेत. चिमणीचे तोंड कोणाच्या तरी खिडकीसमोर आले आहे. थंडीत तर धूर वर चढतच नाही, सरळ खाली येतो आणि तळमजल्यावर बसतो. आणि तळमजल्यावर आम्ही राहतो, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत खुर्चीवाल्याला दुसरीकडे राहताच येत नाही.

गावाचे पोट मागावर आहे, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमच्या घरांतली माणसे आजही लूमवर दोन पाळ्यांत जातात. आम्ही कारखाना बंद करा असे म्हणत नाही. भट्टीत काय जाते ते बघा, एवढेच म्हणतो.

मागच्या भेटीत एका साहेबांनी विचारले होते, "धूर सगळ्यांनाच आहे, तुमचे वेगळे काय?" त्यांना बसायला वेळ नव्हता, म्हणून उत्तर येथे देतो.

मानेतील पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी इजा झाली की श्वासाचा पडदा बहुधा चालू राहतो, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू जातात. श्वास आत जातो, खोकला मात्र निघत नाही. आपण खोकतो तेव्हा पोट आवळते आणि हवा जोरात बाहेर फेकली जाते. तो जोरच उरत नाही. धट्ट्याकट्ट्या माणसाच्या छातीत धुराची काजळी गेली तर तो चार वेळा खाकरतो, थुंकतो, मोकळा होतो. आमच्या माणसाच्या छातीत ती कफात अडकून राहते, कफ घट्ट होतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मज्जारज्जूच्या इजेनंतर अनेक वर्षे जगलेली माणसे ज्या आजारांनी दगावतात, त्यांत न्यूमोनिया जगभर वरच्या क्रमांकावर आहे.

आमच्यातील एका तरुणाची आई हे रोज करते, म्हणून तेच सांगतो. रात्री दोन-अडीचला मुलाच्या छातीत घरघर सुरू होते. ती त्याला सपाट झोपवते, दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर ठेवते. तो श्वास घेतो, डोळ्यांनी खूण करतो, आणि तो खोकायचा प्रयत्न करतो त्याच क्षणी ती आत आणि वर दाब देते. दाब आधी पडला तर उपयोग नाही, उशिरा पडला तरी नाही. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी शिकवलेली ही पद्धत आहे आणि तिला ती आता झोपेतही जमते. तेवढ्यानेही कफ सुटला नाही तर सक्शनचे मशीन लावायचे. त्या मशीनच्या पारदर्शक नळीतून येणाऱ्या कफात काळे कण असतात. तिने त्या कफाची बाटली मागच्या वेळी आपल्या कार्यालयात आणली होती. "ती बाहेर ठेवा," असे तिला सांगण्यात आले.

दुसरी गोष्ट बसण्याची. दम लागला की कोणीही उठून बसतो, कारण बसल्याने बरे वाटते. मानेला इजा झालेल्या माणसाचे उलटे असते. बसल्यावर पोट पुढे लोंबते, पडदा खाली ओढला जातो आणि श्वास आणखी तोकडा पडतो. म्हणून धुराच्या रात्री त्याला आडवेच ठेवावे लागते. रात्रभर एकाच स्थितीत आडवे ठेवले की माकडहाडावर आणि खुब्यावर जखमा होतात. त्या भरायला महिने जातात.

तिसरी गोष्ट खिडकीची, आणि तीच आमच्या घरांत रोजच्या भांडणाचे कारण आहे. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही. अशा माणसाला बंद खोलीत ठेवले तर एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचे अंग तापते, ताप आल्यासारखे होते, डोके ठणकते. खिडकी उघडली तर धूर, मिटली तर अंगाची भट्टी. ओल्या पंच्याने अंग पुसत, खिडकी अर्धी लोटून आमच्या बायका रात्री काढतात. खोली थंड ठेवणारे यंत्र घ्या असे सुचवणाऱ्यांनी आमची विजेची बिले पाहावीत.

हे सारे फक्त आम्हीच म्हणतो असे नाही. अमेरिकेत बोस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातील संशोधकांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांच्या फुप्फुसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. त्यांनी धूम्रपान तपासले, कामावरची धूळ तपासली, घराजवळचे मोठे रस्ते आणि आसपासची हवाही तपासली. अशा माणसाच्या श्वासाचे मोजमाप करताना तो राहतो कुठे, हे विचारावे लागते. तो प्रश्न आमच्याकडे अजून कोणी विचारलेला नाही.

आता आश्वासनांबद्दल.

पहिल्या अर्जावर "स्थळपाहणी करण्यात येईल" असे कळवले गेले. पाहणी झाली, पण दुपारी तीन वाजता आणि आदल्या दिवशी कारखान्यांना फोन गेल्यावर. आवारे झाडलेली होती, भट्टीपुढे लाकडाचे ओंडके रचलेले होते. त्यानंतर "दिवाळीपूर्वी रात्रीचे पथक नेमतो" असे तोंडी सांगण्यात आले. कोणती दिवाळी, हे विचारायचे राहून गेले. एक दिवाळी गेली, दुसरीही गेली. मधल्या काळात आम्ही ऑनलाइन तक्रार केली तेव्हा "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा संदेश मोबाईलवर आला. त्या रात्री बारा वाजता खिडकीबाहेर नेहमीसारखाच धूर होता. 2023 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा इकडेही धावपळ झाली, रस्त्यांवर पाणी मारले गेले, छायाचित्रे निघाली. महिन्याभरात टँकर दिसेनासे झाले. भट्ट्यांकडे तेव्हाही कोणी वळले नाही.

"हवेचे आकडे मर्यादेत आहेत" असेही आम्हाला सांगितले जाते. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपल्या देशातील मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला दर घनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली आहे. मर्यादा कोणतीही धरा, ती चोवीस तासांची सरासरी आहे. आमचा धूर बारा ते पाचचा. दिवसाच्या चोवीस तासांत तो वाटून टाकला की कागदावर पातळ होतो. छातीत मात्र तो पाच तासांतच जातो. शिवाय मोजणारे यंत्र उंचावर आणि मोकळ्यावर असते, आमचा पलंग जमिनीपासून दीड फुटावर.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. नारपोली, भंडारी कंपाऊंड व लगतच्या वस्तीतील सायझिंग, डाईंग तसेच मोती कारखान्यांच्या भट्ट्यांची तपासणी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत, कोणालाही पूर्वसूचना न देता करावी. भट्टीपुढील जळणाचा नमुना व भट्टीतील राख दोन्ही ताब्यात घ्यावी. पंचनाम्यावर वस्तीतील दोघांच्या सह्या घ्याव्यात व त्याची प्रत आम्हाला द्यावी. चिंध्या किंवा प्लास्टिक आढळल्यास भट्टी त्याच रात्री मोहोरबंद करावी. नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली तर पंधरा दिवस आणखी तेच जळते, हे आम्ही पाहिले आहे. धूर आला की फोन करायला रात्री उचलला जाणारा एक क्रमांक द्यावा. सध्याचा क्रमांक सहा वाजता बंद होतो.

2. जे कारखानदार जळण बदलायला तयार आहेत त्यांना गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधन मिळवून देण्यासाठी त्यांच्या संघटनांसोबत बैठक घ्यावी व आम्हालाही बोलवावे. काही मालक खासगीत सांगतात की शेजारचा चिंध्या जाळतो म्हणून आम्हालाही जाळावे लागते. या तक्रारीत तथ्य आहे.

3. आमच्या गल्ल्यांत, जमिनीलगत, रात्रीच्या तासातासाचे मोजमाप किमान एक हिवाळाभर घ्यावे व आकडे जाहीर करावेत.

4. दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधीतून ज्यांना गरज आहे त्यांना सक्शन मशीन व वीज गेल्यावर ते चालवणारी बॅटरी द्यावी. मागे दिव्यांग दिनाला एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच आता घरांत कपडे वाळवायला वापरल्या जातात. माप घेऊन द्याव्यात.

5. अंथरुणावरील रुग्णांना घरी येऊन फ्लू व न्यूमोनियाच्या लसी द्याव्यात.

6. मोकळ्या भूखंडांवर कचरा जाळणे थांबवावे.

7. नारपोलीतील अंतर्गत रस्त्यांवरील धूळ उचलावी व खड्डे बुजवावेत.

शेवटच्या तीन मागण्यांवर आम्ही जास्त लिहिले नाही. त्या आपण वर्तमानपत्रात रोज वाचता. पहिली मागणी मान्य झाली तर बाकीच्यांसाठी आम्ही थांबू शकतो. पहिलीसाठी थांबणे आम्हाला शक्य नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्यातील एक जण छातीच्या संसर्गाने गेला. त्याची सही पहिल्या अर्जावर होती, या निवेदनावर नाही.

पंधरा दिवसांत पहिल्या रात्रीच्या तपासणीची तारीख नव्हे, तपासणी झाल्याचा अहवाल मिळावा. न मिळाल्यास आम्ही खुर्च्या, पलंग व सक्शन मशीनसह आपल्या कार्यालयाच्या दारात बसू. तशी लेखी सूचना पोलीस ठाण्याला स्वतंत्रपणे देत आहोत. कार्यालय वरच्या मजल्यावर असून लिफ्ट बहुधा बंद असते, तेव्हा चर्चेसाठी आपणच खाली यावे, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
मज्जारज्जूला इजा झालेले रहिवासी व त्यांचे कुटुंबीय, नारपोली, भिवंडी.

सोबत : 1) सह्यांची पाने. 2) पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या प्रती. 3) रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यान चिमण्यांची काढलेली छायाचित्रे, वेळेसह. 4) कफाच्या तपासणीचे अहवाल. बाटली सोबत जोडलेली नाही. पाहायची असल्यास घरी यावे.