साठीनंतर दमाची परीक्षा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उजाडायच्या आतच निवृत्त मंडळींची वर्दळ सुरू होते. काहींची चाल अशी, की तरुणांनीही मागे पडावे. त्यांच्याच वयाचे काही शेजारी मात्र त्या वेळी फिल्टर कॉफी घेत वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलेले असतात. वय सारखे, पण दम सारखा असतो का?

ट्रेडमिल चाचणीत हे कळते. छातीला ईसीजीच्या तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचे. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. गंमत अशी, की नाडीचा कमाल वेग वयाबरोबर दोघांचाही उतरतो. व्यायामाने ते टळत नाही. फरक पडतो तो शरीर किती प्राणवायू वापरू शकते यात. बैठ्या माणसात ही क्षमता दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी घटते. कसून व्यायाम करणाऱ्यांत घट जवळजवळ निम्मी असू शकते. अर्थात, गप्पा मारत केलेली रपेट म्हणजे कसून व्यायाम नव्हे!

१९६६ साली अमेरिकेतील डल्लास येथे विशीच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते. १९९६ मध्ये त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने दम जेवढा घटला होता, त्याहून अधिक तो त्या तीन आठवड्यांत घटला होता, असे आढळले. पन्नाशीतल्या या गृहस्थांनी सहा महिने व्यायाम केला आणि वयाने गेलेला दम परत मिळवला.

ज्येष्ठांच्या उपचारांत चेन्नई जुनी जाणकार. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये तेथील सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. २०२४ मध्ये गिंडीला वृद्धांसाठी २०० खाटांचे राष्ट्रीय केंद्रही उघडले.

हृदयविकार, छातीत दुखणे किंवा चक्कर असेल, तर कोणतीही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी. इतरांना घरी एक सोपी परीक्षा घेता येते. हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते, ते मोजावे. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला ११ वेळाही जमले नाही, तर पायांची ताकद कमी समजतात. हे आकडे अमेरिकन वृद्धांवरून काढलेले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, आणि जवळ कोणीतरी उभे असावे.