चार फूट माती ठेवा

गेल्या जून महिन्यात एका मैत्रिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले होते. आपल्या नागपूरच्या लेआउटमध्ये असतो तसा दीड हजार फुटांचा प्लॉट, त्यावर छान टुमदार घर. भेट म्हणून मी सोनचाफ्याचं कलम नेलं. कलमाला दोन फुलंही होती. तिनं हुंगून पाहिलं, खूश झाली आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "अगं, पण लावू कुठे?"

खरंच होतं तिचं. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. तुळससुद्धा सिमेंटच्या वृंदावनात, वृंदावन ब्लॉकवर.

मैत्रिणींनो, ही एका घराची गोष्ट नाही. संध्याकाळी आपल्याच गल्लीतून एक चक्कर मारून बघा. चिखल नको, पालापाचोळा नको, गाडीला जागा हवी, म्हणून अंगणं बुजली. यात आपलाही हात आहेच, झाडझूड कमी होईल म्हणून आपणही मान डोलावली. पण एक गोष्ट मला टोचते. ब्लॉकचा रंग लाल हवा की करडा, हे घरातल्या बाईला आवर्जून विचारतात. ब्लॉक घालायचे का, हे कोणी विचारत नाही. तो निर्णय ठेकेदार आणि घरमालक चहा पिता पिता घेऊन मोकळे होतात.

सोनचाफा आपल्याकडे जगत नाही, तो कोकणातला, असंही ऐकवतात. माझी स्वतःची दोन रोपं मेली, त्यामुळे काही वर्षं मीही हेच म्हणायची. नंतर कळलं, चूक झाडाची नव्हती, माझी होती. पहिलं रोप मी गुढीपाडव्याला लावलं. मुहूर्त चांगला, पण पुढे आपला मे महिना! २०१३ साली २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात नवं रोप काय तग धरणार? दुसरं रोप पावसाळ्यात लावलं, तर त्याची पानं पिवळी पडत गेली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी बापडी पाणी घालत राहिले आणि ते आणखीच खंगलं.

खड्डा उकरला तेव्हा उत्तर सापडलं. घर बांधताना उरलेला सगळा मलबा, चुना, सिमेंटची ढेकळं अंगणात भरलेली होती. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते. चुना जास्त झाला की झाडाला जमिनीतलं लोह घेता येत नाही आणि पानं अशी पिवळी पडतात. त्यात काळी माती पाणी धरून ठेवते. सोनचाफ्याला ओल चालते, पण पाय सतत पाण्यात चालत नाहीत.

तिसऱ्या वेळी अडीच फूट खोल खड्डा घेऊन मलबा बाहेर फेकला. चांगली माती, शेणखत, थोडी रेती घातली आणि दोन पाऊस झाल्यावर जरा उंचवटा करून कलम लावलं. बुंध्याभोवती वाळका पाला पसरला. पहिले दोन उन्हाळे दुपारच्या उन्हाकडून जुनी सुती साडी बांधली. बी लावलं तर फुलासाठी सात-आठ वर्षंही थांबावं लागतं. कलमाला मात्र वर्ष-दोन वर्षांत फूल येतं. बहराचा भर ओसरला की शेंडे छाटले तर झाड हाताच्या उंचीत राहतं. घेताना फक्त नीट विचारा, कारण चाफा म्हणून काहीही देतात. देवळाजवळचा पांढरा चाफा मुळात अमेरिका खंडातून आलेला आणि हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. सोनचाफा मॅग्नोलियाच्या घराण्यातला. हे घराणं इतकं पुरातन की मधमाश्या यायच्या आधीपासून त्याच्या फुलांवर भुंगेरे येत.

राहिला कोकणाचा मुद्दा. 'चाफा' ही कविता ज्यांनी लिहिली ते कवी बी, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, आपल्या मलकापूरचे!

वासानं साप येतात म्हणणाऱ्या काकू प्रत्येक गल्लीत असतातच. साप येतो उंदरामागे, बेडकामागे. फुलाचं त्याला काय? कचऱ्याची तक्रार मात्र खरी आहे. आमची पानं शेजारच्या अंगणात पडतात, म्हणून त्यांच्याशी दोनदा कुरबुर झाली. आता ती पानं मी झाडून आणते आणि श्रावणात चार फुलं नेऊन देते.

आमच्या बचत गटातल्या एक मावशी दोन खोल्यांत राहतात. त्यांनी मोठा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापला, खाली भोकं पाडली आणि त्यात कलम लावलं. मी विचारलं, "एवढ्याशा जागेत कसं जमवलं?" तर म्हणाल्या, "जागा का कोनी देते का वो ताई? ठेवा लागते. एक फूल देवाले, एक माह्या केसाले." ऐंशी लाखांच्या घरात जे जमलं नाही, ते त्यांनी दारात करून दाखवलं.

२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून रातोरात घराघरांत पाणी शिरलं होतं. चार फूट मातीनं पूर अडत नाही, एवढं मलाही कळतं. पण पावसानं मुरायचं ठरवलं तर प्लॉटवर एक तरी जागा नको का? आणि आधीपासून झाड असेल तर त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणू नका. १९७५ च्या कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. बुंधा गुदमरवून मारायला मात्र आपण कोणालाच विचारत नाही.

मैत्रिणीचं कलम महिनाभर गच्चीच्या जिन्यात पिशवीतच होतं. अधूनमधून मी फोनवर विचारायची, ती विषय बदलायची. पोळ्याच्या सुमारास तिचाच फोन आला. फाटकाच्या डाव्या हाताचे ब्लॉक तिनं मजूर लावून उचलले होते, खालचा मलबाही काढला होता. घरी दोन दिवस अबोला होता म्हणे. गाडी आता जरा तिरपी लावावी लागते.