गटाराची मर्यादा

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणच्या एका शाळेत मी आठवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. निबंधाचा विषय होता 'नदीचे आत्मवृत्त'. विषय जुना आणि मुलांची उत्तरेही ठरलेली: डोंगरात जन्म, खळाळता प्रवाह, काठावरची हिरवी झाडे, शेवटी सागराशी भेट. एका मुलीने मात्र लिहिले होते, "मी वालधुनी. माझे पाणी सोमवारी तांबडे असते, मंगळवारी निळे. माझा स्वतःचा रंग कोणता, हे मला आता आठवत नाही." मी त्या ओळींखाली रेघ ओढली, समासात 'नदीचे पाणी नितळ असते' असे लिहिले आणि दोन गुण कापले. पुढे एके दिवशी वालधुनीच्या पुलावरून जाताना मी थांबून खाली पाहिले, आणि मला माझ्या त्या रेघेची लाज वाटली. मुलीने डोळ्यांनी पाहून लिहिले होते. मी पुस्तकातली नदी तपासत बसलो होतो.

ही वालधुनी लहानशी असली तरी सामान्य नाही. ज्या मंदिराच्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ कोरलेला आहे, ते अंबरनाथचे शिवमंदिर तिच्याच काठी उभे आहे. तेथून उल्हासनगरातून वाहत ती कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले प्राचीन कल्याण बंदर याच खाडीवरचे. शिवछत्रपतींच्या आरमाराची पहिली जहाजेही याच कल्याण-भिवंडीच्या परिसरात बांधली गेली. ज्या पाण्याने या भूमीला वैभव दिले, त्या पाण्याचा रंग दररोज कोण बदलतो?

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्याची वागळे वसाहत, पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत अशा वसाहती उभ्या राहिल्या. रंग, रसायने, औषधे, कापड असे अनेक उद्योग येथे आले. या उद्योगांनी हजारो घरांतील चुली पेटत्या ठेवल्या, हे मी विसरत नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची शाळेची फी वडिलांच्या कारखान्यातील पगारातूनच भरली जाई. म्हणून कारखाने नकोत, असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक कारखान्यातून मालाबरोबर सांडपाणीही बाहेर पडते, आणि माल ज्याचा असतो त्याला सांडपाणी मात्र आपले वाटत नाही. ते एकदा सार्वजनिक गटारात सोडले की सुंठीवाचून खोकला गेला, अशी समजूत होते. खोकला जात नाही. तो फक्त दुसऱ्याच्या घरी जातो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरने आणलेले रासायनिक सांडपाणी वालधुनीच्या पात्रात ओतले गेले. विषारी वायू पसरला आणि काठावरच्या वस्तीतील शेकडो माणसांना उपचार घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक भागातील रस्ताच गुलाबी झालेला लोकांनी पाहिला. या गोष्टी डोळ्यांना दिसल्या म्हणून त्यांचा बोभाटा झाला. जमिनीखालच्या नळातून जे रात्रंदिवस वाहते ते कुणाला दिसत नाही.

गटारांतून वाहणारे पाणी आदर्श व्यवस्थेत शुद्धीकरण केंद्रात जाते. तेथे काम करणारे खरे कामगार म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात ही रीत सिद्ध झाली: सांडपाण्यात हवा खेळवली की हे जीव वाढतात आणि त्यातील घाण खाऊन टाकतात. घरोघरच्या मोरीचे पाणी हे त्यांचे अन्न आहे. पण त्यात आम्ल, शिसे, क्रोमियम किंवा सायनाइड आले तर हे बिचारे जीवच मरतात. मग कारखान्याचे विष तर राहतेच; शिवाय आपल्या घरची घाणही न धुतलेली अशीच खाडीला मिळते. एवढ्यावरही हे संपत नाही. गटारात आम्ल आणि गंधकयुक्त सांडपाणी एकत्र आले की सडक्या अंड्यासारखा वास असलेला जीवघेणा वायू तयार होतो. गटारात माणसाला धोकादायक रीतीने उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही जो पोटासाठी उतरतो, त्याच्या श्वासात कुणाच्या तरी निष्काळजीपणाचे माप पडते.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापिले. १९७४ चा केंद्रीय कायदा नदी आणि विहीर यांच्याबरोबरच गटाराचेही नाव घेतो: विषारी द्रव्य गटारातही सोडता येणार नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांत तर आकडेच दिले आहेत. कारखान्याचे पाणी थेट नदीनाल्यात सोडायचे असेल तर एका लिटरमध्ये शिसे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे; सार्वजनिक गटारात सोडायचे असेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तरंगणाऱ्या घनकणांना नदीसाठी १०० मिलिग्रॅमची मर्यादा, तर गटारासाठी ६०० ची. क्रोमियमच्या सर्वांत विषारी रूपाला नदीसाठी ०.१ आणि गटारासाठी २, म्हणजे वीसपट सवलत. पाऱ्याला मात्र सवलत नाही, दोन्हीकडे ०.०१ मिलिग्रॅमच. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने मासे खाणाऱ्या माणसांचे काय झाले, हे जगाने १९५६ पासून पाहिले आहे.

गटाराला एवढी सवलत का? उत्तर त्याच नियमांत आहे. ही सवलत ते गटार जैविक शुद्धीकरण करणाऱ्या केंद्रापर्यंत जात असेल तरच आहे. तसे नसेल तर गटारात सोडणे म्हणजे नदीतच सोडणे, असे समजून कडक मर्यादा लागू होते. सवलत म्हणजे विश्वासाने दिलेली उधारी. पुढे केंद्र नसेल, असून बंद असेल, किंवा त्याच्या ताकदीबाहेरचे पाणी येत असेल, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या सवलतीची गत होते.

म्हणून माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. विषाचे मोजमाप गटाराच्या शेवटी नव्हे, तर प्रत्येक कारखान्याच्या दाराशी झाले पाहिजे. आणि त्याची मर्यादा देशभर एकच न राहता, त्या त्या गावाच्या शुद्धीकरण केंद्राची व खाडीची ताकद पाहून ठरली पाहिजे.

पहिल्या वाक्याचे कारण सोपे आहे. एक तांब्या विष नव्याण्णव तांबे पाण्यात मिसळले तर एका थेंबातील विष कमी होते. हंड्यातील विष तेवढेच राहते. दुसऱ्याचे कारणही कठीण नाही. शंभर कारखान्यांनी प्रत्येकी मर्यादा पाळली, तरी शंभरांची बेरीज एका केंद्राला पेलेलच असे नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसे विषाचेही साचते. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याच्या आधारे मोठी केंद्रे चालविणाऱ्या नगरांना अशा स्थानिक मर्यादा ठरवाव्या लागतात. आपल्या नियमांतही राज्याच्या मंडळाला राष्ट्रीय मर्यादेहून कडक मर्यादा घालण्याची मोकळीक आहे. गरज आहे ती तिचा उपयोग करण्याची.

यावर कुणी म्हणेल, लहान कारखानदाराला हा खर्च झेपणार नाही. ही शंका खोटी नाही. त्यासाठीच अनेकांनी मिळून चालविण्याची सामायिक केंद्रे निघाली. डोंबिवलीतही ती आहेत. पण सामायिक केंद्राचेही गटारासारखेच होते: सर्वांचे म्हणजे कुणाचेच नाही. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनी यांच्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तेव्हा २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने अशी केंद्रे आणि स्थानिक नगरसंस्था या दोघांनाही जबाबदार धरले. दाराशी मोजमाप नसले म्हणजे खरी हानी होते ती प्रामाणिक कारखानदाराची. तो पदरमोड करून पाणी शुद्ध करतो, शेजारी रात्री झडप उघडतो, आणि सकाळी बदनामी दोघांची सारखीच होते. काटेकोर मर्यादा ही उद्योगाची वैरीण नव्हे; ती सचोटीची पाठराखीण आहे.

आणि आपण? उरलेला रंग, तळणीचे तेल, जुनी औषधे आपणही मोरीतच ओततो. कारखान्याकडे बोट दाखविताना आपला हात स्वच्छ असला पाहिजे.

मर्यादा या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक सीमा, दुसरा दुसऱ्याची राखलेली अदब. गटारासाठी मला दोन्ही अर्थ हवे आहेत.

त्या मुलीचे दोन गुण मला आता परत देता येत नाहीत. पण तुमच्यापैकी कुणाला 'नदीचे आत्मवृत्त' लिहावयास सांगितले, तर आधी आपल्या गावच्या काठावर मोठ्या माणसांबरोबर जाऊन या, आणि पाण्याचा जो रंग दिसेल तोच लिहा.