कुत्र्याच्या अंगावर फवारणीचं औषध ओतणाऱ्यांसाठी

आज पिकाचं नाही, आखाड्यावरच्या कुत्र्याचं लिहितोय. काहींना राग येईल, येऊ द्या.

आपल्याकडं कुत्र्याचे केस झडले, कातडी काळी-जाड पडली, ते दिवसभर खाजवायला लागलं की दोनच इलाज ठरलेले. एक, गाडीचं जळकं ऑईल चोपडायचं. दुसरा त्याहून वाईट, कपाशीवर मारायचं औषध बादलीत कालवून अंगावर ओतायचं. "काय होतंय त्याला, कुत्रं तर हाय!" औंदा आमच्या शिवारात असंच एक कुत्रं औषध ओतल्यावर लाळ गाळत, थरथरत पडलं ते उठलंच नाही. मालक म्हणतो, लूत लई वाढली होती. लुतीनं नाही गेलं भाऊ, औषधानं गेलं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. विष नुसतं नाकातोंडातून नाही, कातडीतूनही आत जातं, हे तेव्हा गावोगाव सांगून झालं. मग खाजवून खाजवून सोललेल्या कातडीवर तेच ओतल्यावर काय होणार? वरून कुत्रं अंग चाटतं, म्हणजे पोटातही गेलंच. जळक्या ऑईलचंही तसंच. डब्याच्या लेबलवर पीक, कीड, मात्रा सगळं छापलेलं असतं. त्यात कुत्रा कुठं लिहिलाय, मला दाखवा.

आपण कपाशीला लाल्या दिसला तर विचार करतो का नाही? मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, का तुडतुडे आहेत? पान उलटं करून बघतो. पान लाल एकच, कारणं वेगळी. कुत्र्याच्या केसाचंही तसंच आहे, पण तिथं आपण सगळ्याला 'लूत' म्हणून मोकळे होतो.

कानाच्या कडा, कोपरं, पोट इथं खपल्या आणि रात्रंदिवस खाज असली तर बहुतेक खरजेचा किडा. तो कातडीत बीळ करून राहतो, एका कुत्र्याचा दुसऱ्याला जातो, आणि माणसालाही काही दिवस पुरळ-खाज देतो. पिल्लाच्या डोळ्याभोवती, तोंडावर केस गेले पण खाज फारशी नाही, तर किडा दुसरा, तो माणसाला लागत नाही. गोल चट्टा असेल तर बुरशी असू शकते, ती लेकरांना लागते. शेपटीच्या बुडाशी पाठ चावून चावून केस गेले असतील तर पिसवा बघा. आणि गोचीड! कानात, बोटांच्या बेचक्यात. गोचिडाचा ताप रक्तात उतरला की हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तेव्हा वरून काहीही चोपडून उपयोग नाही.

हे सगळं नुसत्या डोळ्यानं पक्कं ठरत नाही, ते मी पण ठरवत नाही. कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. आता म्हणाल, कुत्र्यासाठी कुठं जायचं? अहो, परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे! पार लातूर-नांदेडची माणसं जनावरं घेऊन इथं येतात, आणि आपण परभणीत राहून ऑईल शोधतो.

दुसरा एक हुशार वर्ग आहे. तो दुकानातून गुराचं आयव्हरमेक्टिन आणून स्वतःच टोचतो. औषध चांगलंच आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ ला नोबेल मिळालं. पण ती बाटली तीन-चारशे किलोच्या जनावराच्या हिशोबाची, तुमचं कुत्रं पंधरा किलोचं. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कित्येक कुत्र्यांना तर ते मेंदूत चढतं. मात्रा डॉक्टरलाच ठरवू द्या.

कृषी सहायक आणि विद्यापीठातले साहेब लोक हे पान वाचतात, त्यांनाही एक सांगणं. फवारणीच्या शिबिरात हातमोजे-चष्मा सांगता, चांगलं करता. त्यातच दोन वाक्यं या बादलीबद्दलही बोला. आखाड्यावर रात्री रानडुकरावर भुंकणारा तोच एक गडी असतो, आणि त्याला पगार नाही.

दवाखान्यात नेताना आधी हळद, तेल, ऑईल काही लावू नका. डॉक्टरला मूळ कातडी दिसू द्या. घरात कुणाला खाज सुटली असेल तर तेही सांगा, आणि कुत्र्याच्या बसायच्या पोत्याला कडक ऊन दाखवा, नाहीतर जाळून टाका.