तार सोलण्याचें हत्यार

हल्लीं नाशकांतील पुष्कळ घरांत अभ्यासाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार आणि रंगीबेरंगी वायरींचीं वेटोळीं दिसूं लागलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. आवडत नाहीं तें एवढेंच कीं, सुटे भाग हौसेनें निवडून आणणारा मुलगा तारेवरचें प्लॅस्टिकचें वेष्टन मात्र दातांनीं किंवा दाढीच्या पात्यानें काढतो. आई रागें भरते ती दातांसाठीं, आणि तें योग्यच आहे; परंतु दुसरी हानि तारेची होते, ती त्या वेळीं कोणास दिसत नाहीं.

काच कापणारा कारागीर काचेवर हिरकणीनें नुसती रेघ ओढतो. पुढें काच त्या रेघेवरच तुटते. तांब्यावर पात्याचा ओरखडा उठला म्हणजे तसेंच होतें. जोड पक्का दिसतो, दिवाही लागतो; पण तार चार वेळां हलली कीं नेमकी त्या ओरखड्यावर मोडते. मुलगा बिचारा सगळी मांडणी पुन्हां पुन्हां तपासतो, दोष सांपडत नाहीं, आणि हें आपल्याला जमणारें नव्हे असें समजून पेटी माळ्यावर टाकतो. विज्ञानाची गोडी अशा क्षुद्र कारणानें सुटावी याचें आम्हांस फार वाईट वाटतें. आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. विमान उडतांना अखंड हादरत असतें. म्हणून विमानविद्येंत सोललेल्या तारेचा एकेक तंतु शाबूत आहे कीं नाहीं हें कसोशीनें पाहतात.

बाजारांत सर्वांत स्वस्त मिळतें तें बारीक स्क्रू असलेलें पकडीवजा हत्यार. एकाच जाडीची तार सोलावयाची असेल तर तें वाईट नाहीं. पण तार बदलली कीं स्क्रू पुन्हां जुळवावा लागतो, आणि तेवढा धीर बारा वर्षांच्या मुलाला कोठून असणार? आपोआप जाडी ओळखणारें हत्यार दिसावयास ऐटदार, किंमतही तशीच. घरचें वायरिंग करणाऱ्यास तें उपयोगी, पण बारीक तारेवर बहुधा घसरतें. आमची पसंती, जबड्यांत ठराविक मापांचीं छिद्रें असलेल्या हत्यारास. त्याची धार वेष्टनापुरतीच पोंचते, तांबें छिद्रांत सुरक्षित राहतें.

मात्र येथें एक मेख आहे. या छिद्रांवरचे आंकडे बहुधा अमेरिकन मापाचे असतात, व आंकडा वाढेल तशी तार बारीक होते : २२ म्हणजे सुमारें ०.६४ मिलिमीटर, ३० म्हणजे ०.२५. आपला दुकानदार मागतांच देतो ती ‘सात छत्तीस’, म्हणजे ब्रिटिश ३६ मापाचे सात तंतु. प्रत्येक सुमारें ०.१९ मिलिमीटर. सातांचें मिळून तांबें अमेरिकन २४ इतकें भरतें. तरीहि तंतूंचा जुडगा एकसंध तारेहून थोडा फुगीर असल्यामुळें, छिद्रें एकसंध तारेचीं असतील तर २२ चें घ्यावें. १० ते २० आंकड्यांचें हत्यार वायरमनचें. आपणांस २० ते ३० चें पाहिजे.

सुश्रुतानें एकशें एक यंत्रें सांगून त्यांत हात हेंच प्रधान मानलें, आणि शिष्यांस आधीं कोहळ्या-काकडीवर छेद घ्यावयास लावलें. मुलानेंहि टाकाऊ वायरीचीं दहा टोकें सोलावीं, तंतु पसरून मोजावे. सात भरले तर छिद्र बरोबर. मोटरच्या तांबड्या तारेवर लाखेसारखा लेप असतो. तेथें हें हत्यार व्यर्थ, बारीक पॉलिश-कागदच घ्यावा. टेफ्लॉनचें वेष्टन तापल्या पात्यानें काढणें सोपें, परंतु त्याची वाफ घातक, म्हणून तें काम घरांत नको. आणि भिंतीच्या प्लगाला जोडलेली तार कधींहि सोलूं नये, हें सांगावयास नकोच.

हत्यार घेण्यास जातांना घरच्या वायरीचा हातभर तुकडा खिशांत न्यावा, आणि दुकानांतच दोन टोकें सोलून तंतु मोजावे. दुकानदारानें तेवढ्यास हरकत घेतली तर नाशकांत दुसरें दुकान फार दूर नसतें.