आंधळ्याचा वाटाड्या घोडा

सांख्यकारिकेंतील पंगु आणि अंध यांचा दृष्टांत आमच्या वाचकांस नवा नाहीं. पांगळ्यास डोळे आहेत, पाय नाहींत. आंधळ्यास पाय आहेत, डोळे नाहींत. दोघांची सांगड पडली म्हणजे वाट सरते. ईश्वरकृष्णानें तो प्रकृति-पुरुषांच्या संयोगासाठीं योजिला. पण त्यांतील पांगळ्याच्या जागीं एखादा चतुष्पाद उभा केला तर काय होतें, हें पाश्चात्त्य पशुशिक्षकांनीं करून दाखविलें आहे.

कुत्र्याची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या शिपायांसाठीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें 1916 सालीं वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, आणि 1929 सालीं अमेरिकेंत ‘सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. आमचा आजचा विषय मात्र घोडा हा आहे.

नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील बर्ल्सन पतिपत्नी एकदां न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून भाड्याच्या घोड्यांवर बसून हिंडत होतीं. वाहनांच्या गर्दींत घोडा आपण होऊन थांबतो व आपण होऊन निघतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांच्या घरीं ठेंगण्या जातीचीं घोडीं होतींच. त्यांतूनच 1999 सालीं त्यांनीं अंधांसाठीं असे घोडे तयार करण्याची संस्था काढली, आणि 2001 सालीं ‘कडल्स’ नांवाची घोडी मेन संस्थानांतील एका अंध गृहस्थाच्या हवालीं झाली. असल्या घोड्याची उंची खांद्यापाशीं साधारणतः 24 ते 34 इंच आणि वजन 70 ते 100 पौंड भरतें. म्हणजे तो बसावयाचा घोडा नव्हे, बरोबर चालावयाचा.

टांग्याच्या घोड्यास झापडें कां बांधीत, हें ज्यांस आठवत असेल त्यांस या निवडीचें मर्म लवकर कळेल. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां घोड्यास जवळजवळ सभोवारचें दिसतें. थेट पाठीमागचा आणि नाकासमोरचा अगदीं लगतचा भाग तेवढा सुटतो. अंधारांतहि त्याची नजर माणसापेक्षां चांगली चालते. पायरी आली कीं थांबावें, वर लोंबणारी फांदी धन्याच्या कपाळास लागेल अशी असल्यास वळसा घ्यावा, हें तो शिकतो. सर्वांत अवघड पाठ आज्ञापालनाचा नसून आज्ञाभंगाचा आहे. धनी ‘चल’ म्हणाला आणि समोरून मोटार येत असली, तर जनावरानें पाऊल उचलतां कामा नये. उभा जन्म मुलांस आज्ञापालन शिकविण्यांत घालविलेल्या आम्हांस हा अभ्यासक्रम थोडा चमत्कारिक वाटला, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

कुत्रा असतां घोडा कशाला, असें कोणी विचारील. कुत्र्याचें आयुष्य तोकडें. आठएक वर्षें काम करून तो थकतो, आणि तरुणपणीं आंधळा झालेल्या माणसास एका जन्मांत चारपांच वेळां आपल्या डोळ्यांचा निरोप घ्यावा लागतो. ठेंगणा घोडा पंचवीस-तीस वर्षें व क्वचित् त्याहूनहि अधिक जगतो. मेन येथील त्या गृहस्थास हीच गोष्ट मोलाची वाटली.

दुसरें उदाहरण मिशिगन संस्थानांतील एका मुसलमान कुटुंबांतलें आहे. मुलगी जन्मांध. कुत्र्याची लाळ अपवित्र मानण्याचा संप्रदाय त्या धर्मांत पुष्कळ ठिकाणीं असल्यामुळें आईबाप कुत्रा घरांत घेण्यास राजी नव्हते. आमच्या सोंवळ्याओंवळ्याच्या घरांतून वाढलेल्या वाचकांस त्यांची अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं. 2009 सालीं तिला घोडी मिळाली आणि ती तिच्यासह बसमधून जाऊं येऊं लागली. घरानें आपला आचार सोडला नाहीं, आणि बाहेर पडण्यासाठीं मुलीस दर वेळीं भावाबहिणींचा हात शोधावा लागला नाहीं. वृत्तपत्रांनीं या जोडीकडे गंमत म्हणून पाहिलें. आम्हांस त्यांत गमतीपेक्षां शहाणपण अधिक दिसतें.

तथापि आक्षेपहि खोटे नाहींत. घोडा मुळांत भितरा. भय वाटलें कीं पळावें ही त्याची जन्माची खोड, आणि ती शिक्षणानें दबते, मरत नाहीं. त्यास अंगण पाहिजे, तबेला पाहिजे, गवत पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तो नांदणार नाहीं, आणि कुत्र्याप्रमाणें बांकाखालीं अंग मुडपून निजणारहि नाहीं. गुळगुळीत फरशीवर खूर घसरतात म्हणून पायांत लहान मुलांसारखे बूट घालावे लागतात! एकंदरींत ज्याचें घर मोकळें व आसपास गायरान आहे, त्यानेंच या वाटेस जावें.

अमेरिकन कायद्यानें यांतून मधला मार्ग काढला आहे. 15 मार्च 2011 पासून अमलांत आलेल्या नियमांनीं अपंगांचा सेवक-पशु म्हणून कुत्राच धरला, परंतु ठेंगण्या घोड्यासाठीं निराळें कलम घातलें. दुकान, उपाहारगृह इत्यादींच्या चालकानें चार गोष्टी पाहावयाच्या: घोडा धन्याच्या ताब्यांत आहे कीं नाहीं, मलमूत्राची शिस्त त्यास लागली आहे कीं नाहीं, त्याचा आकार व वजन जागेस सोसेल कीं नाहीं, आणि त्याच्यामुळें तेथील सुरक्षिततेस बाध येतो कीं काय. एवढें जमलें तर त्यास आंत घेणें भाग आहे. विमानांचा नियम मात्र निराळा. डिसेंबर 2020 मध्यें ठरून पुढील जानेवारींत लागू झालेल्या नियमांत सेवक-पशु म्हणजे केवळ कुत्रा. कंपनीनें आपखुशीनें घोडा घेतला तर गोष्ट वेगळी. एरव्हीं तो तबेल्यांत ठेवून अंध प्रवाशास पांढरी काठी हातीं घ्यावी लागते.